माघारी आलेली हाळी

ही गोष्ट खरी आहे.

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही बघा. जिच्या बाबतीत हे घडलं ती बाई आजही केडगावच्या पुढे एका वस्तीवर राहते. सकाळी मुलीच्या वेण्या घालून तिला शाळेच्या गाडीत बसवते, दुपारी शेतात असते. चारचौघांत विचारलंत तर ती सरळ म्हणेल, "काही झालं नाही." तिच्या जागी तुम्ही असतात, तर तुम्हीही तेच म्हणाला असतात.

गेल्या वर्षीची दिवाळी होऊन गेली होती. त्रिपुरी पौर्णिमेच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ. दौंडच्या बाजूला त्या दिवसांत अंधार लवकर पडतो आणि उसाकडून गारठा सुटतो.

बाईचं नाव प्रतिभा. माहेर शिरूरचं, सासर धनगराचं. सासरे रखमाजी यांनी तरुणपणी मेंढरांमागे पार कोकणापर्यंत वाटा तुडवल्या होत्या. आता मेंढरं हौसेपुरती उरली होती, बाकी सगळा ऊस. घरात सासू रतनबाई आणि पहिलीत जाणारी मुलगी अंकिता.

प्रतिभाचा नवरा शंभू मात्र घरी नव्हता.

शंभू विमानाच्या मिल्ट्रीत होता. वस्तीवर असंच म्हणायचे. श्रावणात त्याचं विमान समुद्रावर सरावाला गेलं आणि माघारी आलं नाही. हवा फार खराब होती म्हणतात. पुष्कळ शोध झाला. विमानाचा एक तुकडा सापडला, माणसं सापडली नाहीत.

"सापडला न्हाई म्हंजी गेला आसं थोडंच हाय?" रतनबाई म्हणायच्या. यावर त्यांच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती.

आता शंभूचं काम काय होतं, ते आधी सांगायला हवं. त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

शेवटच्या सुट्टीत तो ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होता. रखमाजींनी एकदाचं विचारलंच.

"बॉम टाकत न्हाई म्हणतूस, गोळी झाडत न्हाई म्हणतूस. मग त्या इमानात बसून करतूस तरी काय रं?"

"समोरच्याला येडं करतो, आबा."

"म्हंजी?"

"रडार म्हंजी हाळीच की. ते वर हाळी देतं. ती इमानाला आपटून माघारी आली की त्याला कळतं, इमान कुठं हाय. आमचं इमान ती हाळी ऐकून घेतं आन् जरा मागं-पुढं करून परत देतं. त्याला वाटतं आम्ही हिकडं. आम्ही असतो तिकडं."

रखमाजी एकदम खूश. "म्हंजी चकवाच म्हण की! उडता चकवा!"

रखमाजींना पाबळच्या माळावर एकदा चकवा लागला होता. रात्रभर एकाच बाभळीला फेऱ्या घातल्या त्यांनी. घरी जेवायला बसलेल्या एकाही पाहुण्याची या गोष्टीतून सुटका झालेली नाही.

प्रतिभा दारात उभी राहून ऐकत होती. तिनं विचारलं, "आन् त्यानं हाळीच दिली न्हाई तर?"

"तर आम्ही काय परत देणार? आमच्याकडं आमचं सोताचं काय नसतंच. मिळालं तेवढंच देतो." शंभूनं एक शेंग तिच्याकडे फेकली. "पन खरी गंमत म्होरं हाय. पाच-धा डाव फसला ना तो, की खरं इमान समोर आलं तरी त्याला वाटतं, हे बी खोटंच. तिथं आमचं काम फत्ते."

"मग आपलं कोन, परकं कोन, वळखायचं कसं?"

"त्याला ठरलेला सवाल असतो. ठरलेला जवाब असतो. जवाब आला तर आपलं." एवढं बोलून तो तिच्याकडे बघून हसला.

हसण्याचं कारण त्या दोघांनाच माहीत होतं. शंभू सुट्टीवर यायचा तो न कळवता. दारावर थाप पडली की प्रतिभा कडी न काढता आतून विचारायची, "काय आणलंय?"

बाहेरून उत्तर यायचं, "भूक आणलीय."

बॅगेत मुलीला खाऊ असायचा, हिला साडी असायची. पण उत्तर हेच. मगच कडी निघायची.

आता हाळी. दिवेलागणीला घरातल्या बाईनं ओट्यावरून लांब हाक द्यायची आणि रानात मेंढरांमागे असलेल्या माणसानं तिथून उत्तर द्यायचं. घराघराची हाळी वेगळी. या घरातली बाई म्हणायची, "होऽऽ, ये रं घराऽऽ." रानातून उत्तर यायचं, "आलोऽऽ." धुक्यात कुणी वाट चुकला असेल, तर उत्तर आल्यावर थांबायचं नसतं. हाळीमागून हाळी देत राहायचं. त्या आवाजाच्या धोरणानं माणूस घरी पोचतो.

रतनबाईंचा आवाज असा की केडगाव स्टेशनात उभ्या राहिल्या तर सुटलेली गाडी थांबेल, असं रखमाजी म्हणत. अर्थात त्यांच्या माघारी.

श्रावणापासून त्या रोज संध्याकाळी शंभूला हाळी देत होत्या. मुलगा समुद्रावर गेलेला, हाळी उसावर. शेवटी त्यांना खोकला यायचा, मग त्या आत यायच्या. घरातले सगळे खाली मान घालून बसायचे.

त्या संध्याकाळी प्रतिभा भाकरी थापत होती.

आधी तिला घरघर ऐकू आली. पंख्याच्या विमानाची, जड, एकसुरी घरघर. पुण्याकडची विमानं वस्तीवरून नेहमीच जातात, त्याचं कुणाला अप्रूप नाही. पण ती जातात तेव्हा दिसतात.

ती बाहेर आली. आभाळ लख्ख होतं. एक दिवासुद्धा नव्हता.

घरघर डोक्यावर आली...

आणि थांबली.

लांब गेली नाही. डोक्यावरच थांबली.

त्याबरोबर रातकिडे थांबले. मेंढरांच्या गळ्यातल्या घंट्या थांबल्या. रेल्वेचा खडखडाट येत होता, तोही मधेच तुटला. टिक्या कुत्रा शेपूट पायात घालून ओट्याखाली शिरला.

रतनबाईंचं यातल्या कशाकडेच लक्ष नव्हतं. त्यांनी हाळी दिली.

"होऽऽ... ये रं घराऽऽ..."

आणि उसाच्या पलीकडून...

"होऽऽ... ये रं घराऽऽ..."

आवाज शंभूचा होता.

"प्रतिभा! आगं आला! माझा शंभू आला गं!" रतनबाईंना खोकल्याची ढास लागली होती. पण त्या थांबल्या नाहीत. त्यांच्या घरात हाळीला उत्तर आलं की कुणी थांबत नाही. त्या देतच राहिल्या, पुन्हा पुन्हा, घसा फाटेपर्यंत.

आणि प्रत्येक वेळी उत्तर आणखी जवळून येत होतं.

प्रतिभाचाही जीव धावला. का धावणार नाही? ती अनवाणी अंगणाच्या टोकाला गेली. दोन पावलं पुढे टाकणार, एवढ्यात तिच्या कानाला काहीतरी खटकलं.

रानातला माणूस "आलो" म्हणतो. हा "ये रं घरा" का म्हणतोय?

आणि प्रत्येक हाळीच्या शेवटी...

तो खोकत होता.

बारीक, कोरडा, म्हाताऱ्या बाईचा खोकला.

प्रतिभानं रतनबाईंच्या तोंडावर हात ठेवला. रान गप्प झालं. थोड्या वेळानं घरघर पुन्हा सुरू झाली, लांब गेली, आणि रातकिडे ओरडायला लागले.

त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही. रतनबाई आनंदानं, प्रतिभा संशयानं.

ती तशी भुताखेताला पटकन भिणारी बाई नव्हे. तिला आधी माणसाचाच संशय आला. कुणीतरी मोबाईलवर आवाज भरून घेतलाय आणि उसात स्पीकर लावून बसलंय. सकाळी कोयता घेऊन ती सरीसरीतून फिरली. पायाचा ठसा नाही. मोडलेलं पान नाही.

उसापलीकडे ज्ञानदेवची वस्ती. ज्ञानदेव दौंडला रेल्वेत नोकरीला, स्वभावानं सरळ माणूस. पण संशय एकदा डोक्यात बसला की तो सरळ-वाकडं बघत नाही. प्रतिभा कोयता तसाच हातात धरून त्याच्या दारात गेली. ती तोंड उघडणार, त्याच्या आत तोच म्हणाला,

"वहिनी, मीच येणार हुतो तुमच्याकडं. काल तुमच्या घराकडनं गडीमाणूस वरडत हुता. कोन आलंय?"

"आमच्या घराकडनं?"

"व्हय. तुमच्या ओट्यावरनंच. मला वाटलं, रखमाजी मामांना काय झालं का काय."

प्रतिभाला तो आवाज ज्ञानदेवच्या बाजूनं आला होता. ज्ञानदेवला तो प्रतिभाच्या ओट्यावरून.

त्याला वाटतं आम्ही हिकडं. आम्ही असतो तिकडं...

शंभूचं बोलणं आठवलं आणि ती आली तशी माघारी फिरली.

तिनं घरी सांगून पाहिलं. रतनबाई ऐकेनात. "तुला तुझा नवरा नको झालाय का?" असंसुद्धा त्या बोलून गेल्या. प्रतिभाला ते फार लागलं. रखमाजी नुसते बाजेवर बसून राहिले. चकव्याची गोष्ट सांगायला इतकी वर्षं हुरूप असलेला माणूस, त्या दिवशी त्याच्या तोंडून चकार शब्द निघाला नाही.

पुन्हा संध्याकाळ झाली. पुन्हा घरघर आली, थांबली. पुन्हा रान मुकं झालं. प्रतिभानं मोबाईल बघितला, रेंज गेलेली. रतनबाई ओट्यावर उभ्या राहिल्या.

या वेळी पहिलंच उत्तर उसाच्या अलीकडून आलं.

दुसरं त्याहून जवळून.

अंगण आणि ऊस यांच्या मधे विहीर आहे. जुनी, बिनकठड्याची. आवाज आता तिथून येत होता. विहिरीच्या काठावरून नाही...

बरोबर मधून. पाण्याच्या वरून.

"पप्पाऽऽ!"

अंकिता प्रतिभाच्या बगलेखालून सुटली आणि पळाली. सरळ विहिरीकडे.

प्रतिभा कशी धावली ते तिचं तिलाही आठवत नाही. फ्रॉकचा मागचा पट्टा हातात आला तेव्हा पोरीच्या पायाखालची माती पाण्यात पडत होती. तिनं पोरीला ओढून छातीशी धरलं. दोघी तिथंच मटकन बसल्या.

आणि समोरून, विहिरीच्या वरून, शंभूचा आवाज आला.

"पप्पाऽऽ... पप्पाऽऽ..."

बापाच्या तोंडून लेकीची हाक. अंकिता त्यानंतर रडलीसुद्धा नाही, इतकी ती घाबरली.

प्रतिभाला मात्र आता भीतीपेक्षा राग आला. तिनं विहिरीकडे तोंड केलं. तिनं विचारलं,

"काय आणलंय?"

काहीच नाही.

मग...

"काय आणलंय?"

तिचा सवाल. तसाच. तिच्या आवाजातल्या थरथरीसकट, फक्त शंभूच्या गळ्यातून.

त्याच संध्याकाळी तिनं सासूला जवळ बसवलं आणि सगळं सांगितलं. "आत्या, तो शंभू न्हाई. ते जे काय हाय, त्याच्याकडं त्याचं सोताचं कायबी न्हाई. आपण देतो तेवढंच ते परत देतं. आपला शंभू असता तर भूक आणलीय म्हणाला असता."

रतनबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. मग म्हणाल्या, "मग मी कुणाला घरी बोलवत हुते गं?"

दुसऱ्या दिवसापासून हाळी बंद झाली.

सांगायला सोपं आहे हे. दिवेलागण झाली की ती बाई तोंडात पदराचा बोळा कोंबून भिंतीकडे तोंड करून बसायची. खांदे हलायचे. आवाज यायचा नाही. बाहेर घरघर यायची, डोक्यावर थांबायची, वाट बघायची. घरात कुणी ब्र काढायचं नाही. काही मिळालं नाही की ती निघून जायची.

हळूहळू ती यायची बंद झाली.

मग प्रतिभानंच पुढाकार घेतला. भावकी जमली. भीमेच्या काठी दर्भाचा पुतळा केला, त्याला शंभूचा शर्ट घातला, अग्नी दिला, दिवस घातले. रखमाजी सुनेला एवढंच म्हणाले, "कुंकू पुसू नगं पोरी. मला बघवायचं न्हाई." तिनं पुसलं नाही. पण मनात तिनं शंभूला त्या काठावर सोडलं. पोरगी वाचली, घर वाचलं, असंच तिला वाटत होतं.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं.

माघातली संध्याकाळ. लाईट गेली होती. रखमाजी धाकट्या मुलाकडे कारेगावला गेले होते. रतनबाई आतल्या खोलीत तापानं पडून होत्या. प्रतिभा भाकऱ्या करत होती आणि अंकिता तिच्या शेजारी बसून बॅटरीच्या उजेडात बाराखडी गिरवत होती.

दारावर थाप पडली.

प्रतिभानं आधी कान दिला तो वर, आभाळाकडे. घरघर नव्हती.

रातकिडे ओरडत होते. घंट्या किणकिणत होत्या. लांबून रेल्वेची शिट्टी आली, ती शेवटपर्यंत ऐकू आली. चुलीशेजारी ठेवलेल्या मोबाईलला पूर्ण रेंज होती.

या वेळी काहीच गप्प झालं नव्हतं.

आणि ओट्यावर थप थप आवाज येत होता. तो तिच्या ओळखीचा होता. टिक्या घरच्या माणसाला बघून शेपूट आपटतो, तो.

पुन्हा थाप पडली. हलकी. पोरगी झोपली असेल, या बेतानं मारलेली.

प्रतिभा दारापाशी गेली. कडीवर हात ठेवला. विचारलं मात्र काहीच नाही. विचारायचं नाही, हे तिनंच तर घराला शिकवलं होतं.

बाहेर कुणीतरी श्वास घेतला. थकलेला, फार लांबून चालत आलेल्या माणसासारखा.

मग अगदी हळू...

"भूक आणलीय."

अंकितानं तोंड उघडलं. प्रतिभानं पिठाचा हात तिच्या तोंडावर गच्च दाबला.

शेवटी खोकला आला नाही. आवाजात थरथर नव्हती. हा तिचा सवाल नव्हता, हा जवाब होता. कार्तिकात विहिरीच्या काठावर तिनं विचारलेल्या सवालाचा जवाब. तो फक्त शंभूला माहीत होता.

फक्त शंभूला?

तिनं तो सासूला सांगितला होता. स्वतःच्या तोंडानं, त्याच संध्याकाळी. पण कुठं? चुलीपाशी सांगितला, की ओट्यावर? दार लावलेलं होतं, की उघडं? घरघर तेव्हा निघून गेली होती, की अजून डोक्यावरच होती? ती जिवाच्या आकांतानं आठवत राहिली. तिला आठवेना.

खरं इमान समोर आलं तरी त्याला वाटतं, हे बी खोटंच...

कडी तिच्या हाताखाली थंडगार होती. एवढीशी कडी. ती काढायची होती, नाहीतर नाही काढायची होती.

तिच्या दुसऱ्या हाताखाली पोरीचं तोंड होतं. पोरीचा गरम श्वास तळहाताला लागत होता.

तिनं कडी काढली नाही.

बाहेरचं माणूस, माणूस म्हणायचं तर, बराच वेळ उभं होतं. तिसरी थाप त्यानं मारली नाही. मग टिक्याच्या नखांचा आवाज ओट्यावरून खाली उतरला. प्रतिभानं दाराच्या फटीला डोळा लावला.

टिक्या अंगणातून चालला होता. एकटाच. शेपूट हलवत, मान वर करून, शेजारी चालणाऱ्या कुणाच्या तरी तोंडाकडे बघत. विहिरीला वळसा घालून तो उसापर्यंत गेला. तिथं थांबला. शेपूट हळूहळू हलायची थांबली. मग तो तिथंच बसला, उसाकडे तोंड करून.

आतल्या खोलीतून रतनबाईंचा आवाज आला.

"कोन हुतं गं?"

"कुणी न्हाई, आत्या."

आत बाज करकरली.

"कुत्रं भुकलं न्हाई... म्हणून इचारलं."

या गोष्टीला आता काही महिने झाले. पुन्हा कुणी आलं नाही. घरघर नाही, हाक नाही, थाप नाही. रतनबाईंनी त्या संध्याकाळचा विषय परत कधी काढला नाही, आणि त्यांना नक्की किती ऐकू आलं होतं, हे विचारायची प्रतिभाची हिंमत झालेली नाही.

दिवे लागायच्या आत ती आजही दाराला कडी घालते.

आणि रोज एक भाकरी जास्त करते.